लाल का उन्हाळ?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय पॅलिएटिव्ह केअरबद्दल. गंभीर आजारात माणसाचं दुखणं, धास्ती, एकटेपण कमी करायचं, आणि घरच्यांनाही धरून ठेवायचं, ते काम. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये डॉक्टरांनी हे सुरू केलं आणि पुढे गल्लोगल्लीची साधी माणसं त्यात आली. औषध डॉक्टर-नर्स देतात, आपण फक्त जाऊन बसायचं. बसायचं, ऐकायचं, एवढंच.

मी बदलीवर अमरावतीहून नाशिकला आले तेव्हा इथं ओळखीचं कुणीच नव्हतं. पॅलिएटिव्ह केअरच्या स्वयंसेवकांचं ट्रेनिंग झालं आणि इंदिरानगरला एका आबांकडे जायला लागले. निफाडकडचे शेतकरी, लेकीकडे राहायला आलेले, तोंडाचा कॅन्सर, ऑपरेशननंतर बोलणं गेलेलं, म्हणून हातात पाटी. मी गेले की ताई तेवढ्यात बाजार, बँक करून यायच्या, त्यांनाही श्वास घ्यायला मिळायचा. मी पेपर वाचायचे आणि आबांना बातम्या नकोत, बाजारभाव पाहिजे. एकदा मी वाचलं, लासलगावला कांदा अमुक इतका, तर आबांनी लगेच पाटीवर लिहिलं, "लाल का उन्हाळ?" मला काही कळेना. मग त्यांनी पाटी पुसून पुसून मला शिकवलं, लाल टिकत नाही, काढला की विकायचा, उन्हाळ कांदाचाळीत महिनोन्महिने राहतो, भाव बघून काढायचा. लिहिताना हात थरथरायचा पण चेहरा असा खुललेला की ताई दारातच थांबून बघत राहिल्या.

(आणि हो, बाजारभाव रेडिओवर रोज लागलेच पाहिजेत, सगळ्यांना मोबाईलवर बघता येत नाही, माझं हे ठाम मत आहे.)

पुढे प्रत्येक वेळी आबा माझी परीक्षा घ्यायचे, द्राक्षाची एप्रिलची छाटणी कशाला, ऑक्टोबरची कशाला. ते गेले तेव्हा ताईंचा फोन आला, "दहाव्याला गंगेवर सकाळी लवकर या, तुम्ही घरच्या आहात." (गंगा म्हणजे इथली गोदावरी.) पाहुण्यांना चहा द्यायचं काम माझ्याकडे आलं. कुणी विचारलं ही कोण, तर आबांच्या भावानं सांगितलं, आमची अमरावतीची लेक. तेव्हापासून निफाडला माझं माहेर आहे, दिवाळीला जाते.

तर मंडळी, आठवड्यातले दोन तास निघत असतील तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पॅलिएटिव्ह केअरची चौकशी करा. पुन्हा सांगते, औषधातलं काही यावं लागत नाही. बसता आलं पाहिजे आणि ठरलेल्या वेळेला पोचता आलं पाहिजे, कारण ताईंसारखं कुणीतरी पिशवी घेऊन तुमची वाट बघत असतं.