उंबरातली केंबरं

उंबर फोडलं की केंबरं उडतात. किडकं म्हणून आपण ते टाकून देतो. पण ही केंबरं नसती तर उंबरात एकही बी धरलं नसतं.

उंबराच्या आत हजारो बारीक फुलं दाटीनं बसलेली असतात. टोकाचं छिद्र खवल्यांनी गच्च बंद. फुलं तयार झाली की उंबर वास सोडतं आणि त्या मागावर सेराटोसोलेन फ्युसिसेप्स या गांधीलमाशीची, म्हणजेच आपल्या केंबराची, मादी येते, जेमतेम दोन मिलिमीटरची. खवल्यांतून घुसताना तिचे पंख तुटतात. ती पुन्हा बाहेर येत नाही. छातीवरच्या कप्प्यांतले पराग ती पुढच्या पायांनी काढून फुलांवर घालते आणि काही फुलांच्या बीजांडात एकेक अंडं ठेवते. अंडं पडलं तिथे अळीला पोसणारी गाठ बनते, नुसते पराग पोचले तिथे बी.

काही आठवड्यांनी गाठींतून आधी नर बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात, उंबराबाहेरचं आयुष्यही नसतं. गाठीला भोक पाडून ते आतल्या मादीशी मीलन करतात, मग भिंतीतून बोगदा कोरतात आणि मरतात. त्याच बोगद्यातून पराग भरून घेतलेल्या माद्या निघतात. खरी कसोटी इथून पुढे आहे. एका झाडावरची उंबरं बहुधा एकाच अवस्थेत असतात, म्हणजे घरच्या झाडावर जागा नाही. नेमकं त्याच वेळी फुललेलं दुसरं उंबर गाठायचं, आणि हाताशी वेळ जेमतेम एक-दोन दिवसांचा.

या घराला परजीवीही आहेत. ते आत शिरतच नाहीत, लांब सुईसारख्या नळीनं बाहेरूनच भिंत भेदून अंडी घालतात. काही जाती परागवाहक येण्याआधीच गाठी करतात. अपोक्रिप्टा ही परजीवी गांधीलमाशी मात्र उशिरा येते, कारण तिच्या अळीला दुसऱ्याची वाढलेली अळी खायला लागते. तोवर भिंत जाड झालेली असते. म्हणून तिची नळी जास्त लांब, आणि टोकावरच्या दातांत चक्क जस्त! बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ते दाखवून दिलं.

सगळ्यात चिंचोळी जागा सूत्रकृमींची, म्हणजे दोऱ्यासारख्या सूक्ष्म कृमींची. उंबरातून उंबरात जायला त्यांना एकच वाहन, उडून जाणारी मादी. मोजकेच बसले तर तिला फारसा त्रास होत नाही. गर्दी झाली तर ती कमकुवत होते, आणि ती वाटेत पडली तर तिच्यावरचे सगळेच मरतात.