आधी अंतर, मग रायफल

मंडळी, अमेरिकेत बिळं करणाऱ्या छोट्या जनावरांच्या शिकारीला रायफल घ्यायची म्हणून दुकानात शिरल्या शिरल्या पहिला प्रश्न येतो, "स्वस्तात चांगली रायफल कुठली?" त्याआधी दोन प्रश्न सोडवायला हवेत. गोळी किती यार्डांवर टाकायची आणि दिवसाला किती टाकायच्या? साउथ डकोटाच्या कुरणात प्रेअरी डॉगच्या (कळपानं बिळांत राहणाऱ्या खारीच्या जातीच्या प्राण्याच्या) वस्तीवर बसलं तर दिवसात २००-३०० काडतुसं सहज संपतात. पेनसिल्व्हेनियात गवताच्या शेतात वुडचकची (बिळं करणाऱ्या, त्याहून मोठ्या प्राण्याची) वाट बघणारा चार-पाच गोळ्या झाडून घरी जातो. या दोघांना परवडणारी रायफल एकच कशी असेल?

हिशेब मांडून बघा. काडतुसाच्या नावातला आकडा म्हणजे गोळीची इंचांतली ढोबळ जाडी. अमेरिकेत .२२ एलआरचं (लाँग रायफल) साधं काडतूस सध्या ८-१० सेंटला पडतं, .१७ एचएमआर ३० च्या आसपास आणि .२२३ रेमिंग्टन ५०-६० ला. म्हणजे ३०० गोळ्यांना अनुक्रमे २७, ९० आणि १६५ डॉलर. दोन रायफलींच्या किमतीत शंभरेक डॉलरचा फरक असतो, तो दोन खेपांत कुठल्या कुठे जातो. म्हणून बंदूक स्वस्त की महाग हे काडतुसाच्या खोक्यावर ठरवा.

.२२ एलआर १८८७ पासून चालत आलं आहे. ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅमची) गोळी सेकंदाला साधारण १२५० फुटांनी निघते. ५० यार्डांवर नेम बसवला तर १०० वर ती ६-७ इंच खाली लागते. प्रेअरी डॉग बिळाच्या तोंडाशी उभा राहिला, तरी छाती-डोक्याची पट्टी छोटीच. यार्डांचा अंदाज १५ नं चुकला की गोळी मातीत, किंवा वाईट म्हणजे मागच्या पायात. त्यामुळे ७० यार्डांच्या पुढे .२२ एलआर नको. दुसरी अडचण, ही गोळी खडकाळ जमिनीवर टप्पा घेऊन पुढे जाते आणि तिचा पल्ला मैलापेक्षा जास्त असतो. मागे मातीचा चढ नसेल तर चाप ओढायचाच नाही.

.१७ एचएमआर २००२ सालचं. .२२ मॅग्नम या .२२ एलआरपेक्षा मोठ्या काडतुसाच्या पितळी पुंगळीची मान आवळून केलेलं काडतूस. १७ ग्रेनची गोळी २५५० फुटांनी सुटते. १०० यार्डांवर नेम बसवला तर १५० वर घट फक्त अडीच इंचांची. म्हणजे १४०-१५० यार्डांपर्यंत क्रॉसहेअर (दुर्बिणीतली फुली) थेट जनावरावर ठेवायचं, डोक्यात गणित नको. गोळी लागताच आत फुटते, त्यामुळे टप्प्याचा धोका कमी. वाऱ्यापुढे मात्र ती पिसासारखी आहे. ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात १०० यार्डांवर सुमारे ४ इंच सरकते, १५० वर ९ च्या पुढे. डकोटात दुपारी वारा नसतो असा दिवस विरळा, म्हणून सकाळचे तीन तास हिचे. २०० च्या पलीकडे जायचंच असेल तर .२२३ घ्या आणि पुंगळ्या परत भरायला शिका.

बहुतेकांसाठी माझं मत .१७ एचएमआर, तेही बोल्ट ॲक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीला हातानं बोल्ट मागे-पुढे करायचा. सॅव्हेज ९३आर१७ किंवा रुगर अमेरिकन रिमफायर यांत ज्याचा दस्ता खांद्याला बसेल ती. सीझेड ४५७ हातात घेतली की मोह होतो, पण वरचे पैसे दुर्बिणीत घाला. या काडतुसात सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी, टाळाच. दाब मोठा असतो, आणि साधा ब्लोबॅक (गोळीच्या दाबानंच मागे ढकलला जाणारा) बोल्ट क्षणभर लवकर उघडला तर पितळ फाटून गॅस मागे येतो. वापरलेली रायफल घेत असाल तर नळीवर कोरलेलं कॅलिबर स्वतः वाचा. .२२ एलआर हे .२२ मॅग्नमच्या चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) सैल बसतं, उडतंही, आणि उडताना पुंगळी चिरते.

दुर्बीण ३-९, म्हणजे ३ ते ९ पट मोठं दाखवणारी, पुरेशी. पण पॅरलॅक्स १५० यार्डांवर बांधलेली हरणाच्या रायफलीची दुर्बीण ५० यार्डांवर फसवते. डोळा जरा हलला की क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकतं. नेम बसवताना बोल्ट काढा, नळीतून २५ यार्डांवरचा ठिपका बघा, रायफल न हलवता क्रॉसहेअर त्यावर आणा. मग तीन गोळ्या. दुर्बिणीच्या चकतीची पाव मिनिटाची क्लिक (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) २५ यार्डांवर इंचाचा सोळावा भाग हलते, म्हणजे एका इंचाला १६ क्लिक. लोक १०० यार्डांचा हिशेब धरून चारच फिरवतात, आणि मग दुर्बिणीला शिव्या. तिथे जमलं की १०० वर जा. पाच गोळ्या पसरल्या तर आधी दुर्बीण धरणाऱ्या रिंगचे स्क्रू तपासा, मग दस्त्याचे, मग काडतुसांचा ब्रँड बदला. एकाच मॉडेलच्या दोन नळ्यांची आवड वेगळी असते, म्हणून तीन-चार ब्रँडचं एकेक खोकं आणून बघायचं.

कायद्याचं थोडक्यात. एच-१बीवर असलेल्यांना अमेरिकेत बंदूक बाळगता येत नाही. पण कुठल्याही राज्याचा चालू हंटिंग लायसन्स असेल तर या नियमाला अपवाद आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, तिथे १५.५ ग्रेनची बिनशिशाची मिळते. शिशाची गोळी लागलेलं जनावर कुरणात पडलं की गरुड आणि ससाणे ते उचलतात, हे तिथे नसलात तरी ध्यानात असू द्या. आणि भारतात हा सगळा बेत नकोच. तिथे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे.

बिळाशी उभं दिसलं ते प्रेअरी डॉगच असतं असंही नाही. त्याच बिळांत बरोइंग आउल नावाचं घुबड राहतं, तेही असंच ताठ उभं राहतं आणि ते संरक्षित आहे. लांब उघडे पाय आणि मान वळवायची तऱ्हा दिसेपर्यंत बोट चापाबाहेर.

खोकं उघडल्यावर काडतुसांच्या मानेवर नजर टाका. .१७ चं जुनं पितळ मानेशी उभं चिरतं, तशी बाजूला काढायची. आणि साफसफाईची सळई वेगळी घ्यावी लागेल, नेहमीची .२२ ची या नळीत शिरत नाही.