मान दुखतेय, पण हात काय म्हणतोय?

(दृश्य: सलून. गिऱ्हाइकाच्या हनुवटीवर आणि डोक्यावर कारागिराचे हात.)

दाढी झाली, चंपी झाली. आता मान. एक झटका डावीकडे, एक उजवीकडे. कडक्! गिऱ्हाईक खूश.

मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधून वर चढतात. अशा झटक्यानं त्यातली एखादी आतून फाटू शकते. क्वचित होतं, पण झालं तर पक्षाघात. तेव्हा फुकटात मिळाला तरी हा झटका नको. नंतर मान भयंकर दुखू लागली, चक्कर आली, जीभ जड झाली, तर तडक हॉस्पिटल गाठा.

एरवी मान धरली की बहुतेकदा दोष स्नायूंचा. एसटीत वाकडी झोप लागली, मोबाईलवर तासन्‌तास मान खाली. शेक, हलक्या हालचाली, आणि काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत उतरतं. उतारवयात एक्स-रेत मणक्यांमधली 'गॅप' काय, कसलाही त्रास नसणाऱ्यांनाही दिसते. तेवढ्यावरून गळ्यात पट्टा बांधून फिरायची गरज नाही.

(दृश्य: शर्टाचं बटण लावू पाहणारी बोटं, अगदी जवळून.)

हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. मानेच्या 7 मणक्यांतून मज्जारज्जू, म्हणजे मेंदूचे निरोप हातापायांकडे नेणारी नसांची दोरी, खाली उतरतो. तो दबला, तर मान दुखेलच असं नाही. बटण काजात जात नाही. सही बिघडते. पायातली चप्पल निसटते आणि चार पावलं गेल्यावर कळतं. घरचे म्हणतात, वय झालं! डॉक्टर मूठ भराभर उघडझाप करायला लावतात. 10 सेकंदांत साधारण 20 वेळा जमायला हवी. लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर त्याच दिवशी दाखवा.

रात्री झोपमोड करणारं दुखणं, बारीक ताप, उतरणारं वजन असेल तर मणक्याचा क्षय किंवा गाठ नाही ना, हे तपासावं लागतं. जोराचा ताप, डोकेदुखी आणि हनुवटी छातीला टेकेना, तर सकाळची वाट पाहू नका. मानेबरोबर जबडा, डावा हात दुखून दरदरून घाम फुटला, तर संशय हृदयाचा.

आणि बाईकवरून कुणी पडलं, की मदतीला धावलेली मंडळी त्याला उचलून रिक्षात कोंबतात. तसं करू नका. 108 ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत त्याचं डोकं दोन्ही हातांनी आहे तसंच धरून ठेवा.