पिशवी काढायची म्हणजे कोणती?

श्रोतेहो, नमस्कार.

लालबागच्या आमच्या चाळीत मी सांगितलं, 'पिशवी काढायची आहे,' तर शेजारच्या काकी म्हणाल्या, 'आता एकसष्टाव्या वर्षी कशाला गं? पाळी जाऊन किती वर्षं झाली!' आपल्याकडे बाईची पिशवी म्हटलं की गर्भपिशवीच. माझी काढायची होती लघवीची पिशवी, मूत्राशय, तीही कॅन्सरमुळे. डॉक्टरांनी तसं सांगितल्यापासून मी 'हो' म्हणेपर्यंत सात आठवडे गेले. आज त्या सात आठवड्यांबद्दल बोलायचंय.

सुरुवात लाल लघवीने झाली. दुखत काहीच नव्हतं. उन्हाळी लागली असेल म्हणून धण्याचं पाणी प्यायले. मग एका डॉक्टरांनी तीन वेळा इन्फेक्शनच्या गोळ्या दिल्या, त्यात चार महिने गेले. बायकांच्या बाबतीत हे फार होतं. न दुखता लघवीतून रक्त गेलं, एकदाच गेलं तरी, सोनोग्राफी आणि दुर्बिणीच्या तपासणीबद्दल स्वतःहून विचारा.

दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली. कॅन्सरची जात जोरदार होती, पण मूळ अस्तरातच होतं, स्नायूत शिरलं नव्हतं. म्हणून बीसीजी सुरू केलं. टीबीसाठी तान्ह्या बाळाच्या दंडावर टोचतात तीच लस, नळीने मूत्राशयात सोडायची. दर सोमवारी, असे ६ आठवडे. दोन तास लघवी रोखून धरायची. त्यानंतर ६ तास, प्रत्येक वेळी लघवी झाली की संडासात ब्लीच ओतायचं, १५ मिनिटं थांबायचं, मग पाणी टाकायचं. आमचा संडास चार बिऱ्हाडांत एक. मी ब्लीचची बाटली घेऊन आत उभी आणि बाहेर दाराची कडी वाजतेय! त्या सहा सोमवारांनी मला कॅन्सरपेक्षा जास्त रडवलं.

पुढे तीन-तीन आठवड्यांचे डोसही झाले. तरी दुर्बिणीत पुन्हा लाल चट्टे दिसले. तुकडा तपासला, आजार परतला होता. डॉक्टर म्हणाले, 'लस लागू पडली नाही. आणखी बीसीजी देऊन उपयोग नाही. आज हे अस्तरात आहे, स्नायूत उतरलं तर आपल्या हातातलं बरंच निसटेल.' मी इतर वाटा विचारल्या. मूत्राशयात केमोची औषधं सोडता येतात, शिरेतून इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध, देतात. ज्यांचं शरीर मोठं ऑपरेशन झेपणारं नाही किंवा ज्यांना ते नकोच आहे, त्यांच्यासाठी त्या वाटा खऱ्या आहेत. माझ्यासारखीला, हृदय-किडनी धड असताना, सगळ्यात भरवशाचं ऑपरेशनच, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गर्भाशयही त्यातच जाणार होतं. म्हणजे काकी अगदीच चुकल्या नव्हत्या.

आणि मी काय केलं? नातवाची मुंज होऊ दे म्हटलं. मग गणपती होऊ देत. भीती कॅन्सरची नव्हती, मूत्राशय गेल्यावर लघवी गोळा करायला पोटावर लागणाऱ्या पिशवीची होती. माणसांत वास येईल, देवघरात कशी जाऊ, हेच डोक्यात. श्रोतेहो, ही चालढकल माझी चूक होती. दुसरं मत जरूर घ्या, मीही परळला जाऊन घेतलं. पण त्याला आठवडे लागतात, महिने नव्हे.

निर्णय झाला तो हेच ऑपरेशन झालेल्या एका बाईंमुळे. स्टोमा म्हणजे लघवीसाठी पोटावर केलेलं तोंड; त्याची काळजी शिकवणाऱ्या स्टोमा नर्सने त्यांची गाठ घालून दिली. परकराची नाडी सैल करून त्यांनी पोट दाखवलं. बेंबीच्या उजवीकडे लालबुंद, ओलसर, ओठाच्या आतल्या बाजूसारखं एक बोंड. 'हात लावा, मला दुखत नाही,' म्हणाल्या. आतड्याचा वीतभराहून लहान तुकडा, त्यातून लघवी सतत पाझरते. खालच्या तोटीतून पिशवी रिकामी करायची. तीन-चार दिवसांनी बदलायची, तीही पहाटे चहाच्या आधी, कारण तेव्हा लघवी कमी असते. लघवीत पांढरे धागे दिसले तर घाबरायचं नाही, आतडं आपला चिकटा सोडतंच. आतड्याचं नवं मूत्राशय आत बसवण्याचा पर्यायही मला दिला होता. त्यात रात्री गजर लावून उठायचं, कधी स्वतः नळी घालायची. मला ते झेपलं नसतं, तुम्हाला झेपेल कदाचित.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्सने मला उभं केलं, बसवलं, वाकवलं, परकर नेहमीच्या जागी बांधायला लावला आणि मगच पोटावर बोंडाच्या जागी पेनाने खूण केली. ही खूण मागून घ्या. आणखी एक, बोलायला जीभ अडखळते तरी: नवरा-बायकोच्या संबंधांवर काय परिणाम होईल ते आधीच विचारा. बाई असो की पुरुष, परिणाम होतो. पिशव्यांचा खर्च जन्मभराचा, तोही विचारा.

ऑपरेशन सात तास चाललं. पाच दिवस आतडं जागंच होईना, पोट नुसतं फुगलेलं. अंगात ताकद यायला तीन महिने लागले. नंतर एकदा किडनीला इन्फेक्शन होऊन थंडी-ताप आला. यातलं काहीही झाकून ठेवणार नाही.

आता मीच वॉर्डात जाते. मागच्या आठवड्यात विक्रोळीच्या एक ताई भेटल्या. ऑपरेशन, रिपोर्ट, जगण्याची वर्षं, काही विचारलं नाही त्यांनी. हळूच म्हणाल्या, 'मांडी घालून बसता येतं का हो?'

मी चपला काढल्या आणि त्यांच्या पलंगावर मांडी घालून बसले.