आधी वायर, मग मेण: जुन्या फ्लोअर पॉलिशरची दुरुस्ती आणि वापर

[दृश्य: टेबलावर उलटं ठेवलेलं दोन ब्रशांचं पॉलिशर. केसांमध्ये काळपट मेण.]

फ्लोअर पॉलिशर म्हणजे लाकडी फरशीवरचं मेण घासून चमकवणारं विजेचं यंत्र. असं जुनं पॉलिशर हाती आलं की पहिला मोह होतो तो प्लग लावून बघण्याचा. तो आवरा. वर्षानुवर्षं बंद असलेल्या यंत्राची मोटर बऱ्याचदा ठणठणीत निघते. दगा देते ती वायर. अशा जुन्या यंत्रांच्या वायरींवर रबराचं आवरण असे. ते कडक होतं, हँडलच्या तोंडाशी जिथे वायर रोज वाकली तिथे तडकतं, आणि आतली तांब्याची तार धातूच्या दांड्याला टेकते. त्यात बऱ्याच घरगुती यंत्रांना अर्थिंगच नसायचं. म्हणजे करंट दांड्यात आणि दांडा हातात.

म्हणून जुनी वायर मुळापासून काढायची आणि तीन तारांची नवी घालायची. अर्थिंगची तार गोल लग लावून धातूच्या सांगाड्यावर स्क्रूने आवळायची. त्या जागचा रंग आधी खरवडा, नाहीतर ते अर्थिंग नावापुरतंच. वायरला आत क्लॅम्प हवाच. गाठ मारून भागवू नका. चौकोनात चौकोन अशी खूण असलेलं यंत्र मात्र दुहेरी इन्सुलेशनचं. त्याला अर्थिंग जोडायचं नाही, वायर दोन तारांचीच ठेवायची.

आता स्विचजवळचा हा छोटा कपॅसिटर बघा. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून तो बसवलेला असतो. आत कागद, कागदाने दमटपणा ओढला की एक दिवस फट्‌ आवाज आणि खोलीभर धूर. चालू दिसला तरी बदलाच. दोन मुख्य तारांच्या मध्ये असेल तर एक्स-२ वर्गाचा, तारेपासून सांगाड्याकडे जाणारा असेल तर वाय वर्गाचा. या दोघांची अदलाबदल चालत नाही: वाय वर्गाच्या जागी दुसरा लावला आणि तो शॉर्ट झाला, तर करंट थेट सांगाड्यावर येतो.

मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) मोटरच्या तारा आणि सांगाडा यांच्यामधला रोध मोजायचा. १ मेगाओमपेक्षा कमी आला तर घाबरू नका, वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली गुंडाळलेली तार, दमट असेल. उबदार कोरड्या जागी दोन-तीन दिवस ठेवून पुन्हा मोजा. तरीही आकडा चढला नाही, तर ती मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे.

[दृश्य: कम्युटेटर जवळून.]

कम्युटेटर म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं, आणि त्याला टेकून वीज पोचवणारे ठोकळे म्हणजे कार्बन. कार्बन काढण्याआधी कोणता कुठल्या बाजूचा आणि त्याचं तोंड कसं होतं, ही खूण करून ठेवा. उलटा बसला की ठिणग्या वाढतात. कार्बन एक तृतीयांश उरला असेल तर जोडीने बदला. काळवंडलेल्या कम्युटेटरला बारीक काचकागद चालतो, एमरी नको. तिचे कण तांब्यात रुततात. पट्ट्यांमधल्या खाचांतली काळी पूड लाकडी काडीने काढा. नवे कार्बन बसवताना काचकागदाची पट्टी खरखरीत बाजू कार्बनकडे ठेवून कम्युटेटरवर गुंडाळायची आणि आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) हाताने फिरवायचं, म्हणजे कार्बनच्या तोंडाला नेमकी गोलाई येते. चालू मोटरमध्ये कार्बनखाली बारीक निळसर ठिणग्या दिसणारच. कम्युटेटरभर आगीचं कडं फिरू लागलं, तर लगेच बंद.

गिअरपेटीतलं ग्रीस आता मेणबत्तीसारखं घट्ट झालेलं असतं. सगळं खरवडून, पांढऱ्या स्पिरिटने (मिनरल टर्पेंटाइनने) पुसून नवं लिथियम ग्रीस भरा, पण पेटीच्या तिसऱ्या हिश्शाइतकंच. काठोकाठ भरलेलं ग्रीस गरम होऊन सीलमधून बाहेर येतं, ब्रशांवर उतरतं आणि मग फरशीवर जे डाग पडतात ते निघता निघत नाहीत. फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या पितळी बुशला मशीन ऑइलचे दोन-तीन थेंब पुरतात.

ब्रश धुताना घाई नडते. फक्त केस पांढऱ्या स्पिरिटमध्ये बुडवायचे. लाकडी पाठ भिजली की वाकते आणि यंत्र थरथरू लागतं. मेण सुटलं की कंगव्याने विंचरा, कोमट साबणपाण्याचा एक हात द्या, केस खाली करून टांगून वाळवा. दोन ब्रश उलटसुलट दिशेने फिरतात म्हणून यंत्र हातात सरळ राहतं. एक जास्त झिजला की ते बाजूला ओढू लागतं.

[दृश्य: फरशीचा कोपरा, पांढरं फडकं.]

यंत्र तयार झालं, आता फरशीला विचारायचं. पांढऱ्या स्पिरिटने ओलं केलेलं फडकं कोपऱ्यात घासा. त्यावर पिवळट-तपकिरी मेण उतरलं, तर फरशी मेणाची. काहीच उतरलं नाही आणि वर काचेसारखा थर दिसतोय, तर ते बहुधा पॉलियुरेथेनचं व्हार्निश. त्यावर मेण लावू नका: फरशी निसरडी होते, आणि पुढे लाखेचा किंवा पॉलियुरेथेनचा नवा थर त्या मेणावर धरत नाही.

जुनं साचलेलं मेण काढायला स्टील वूल सोपं वाटतं, पण ओकवर नको. वूलचे तुटके तंतू गंजतात आणि ओकच्या लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी मिळून काळे ठिपके पडतात. सिंथेटिक पांढरा पॅड घ्या.

मेण हातानेच लावायचं. फडक्यात सुपारीएवढं घेऊन, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, इतकं पातळ की लावलंय का अशी शंका यावी. खिडक्या उघड्या. मेणातलं टर्पेंटाइन ज्वलनशील आहे आणि या मोटरच्या कार्बनखाली ठिणग्या असतात. त्यामुळे वास पुरता गेल्याशिवाय यंत्र चालू करायचं नाही. अर्धा तास हा किमान काळ, थंड हवेत जास्त. आणि ती फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची असतील तर ढिगात आपोआप पेटू शकतात. उघड्यावर सुटी पसरून वाळवा.

मग आधी केसांचे ब्रश, त्यानंतर नमद्याचे पॅड, शेवटी लोकरीचे. जोर लावायचा नाही, वजन यंत्राचंच पुरतं. एकच चकती असलेल्या जड यंत्राची तऱ्हा वेगळी: त्यातल्या बहुतेकांत हँडल किंचित खाली दाबलं की ते डावीकडे जातं, वर उचललं की उजवीकडे. हिसका देऊन वळवायला गेलात तर भिंतीवरच जाईल.

ब्रशामागे चिकट पट्टे उमटले तर मेण जाड झालंय किंवा ओलं आहे. वरून आणखी मेण नको. तासभर थांबा, तरीही पट्टे राहिले तर पांढऱ्या स्पिरिटच्या फडक्याने जास्तीचं उतरवा आणि पुन्हा फिरवा.

यंत्र ब्रशांवर उभं करून ठेवलं की केस एका बाजूला बसतात, म्हणून टांगून किंवा ब्रश काढून ठेवा. पुढे फरशी निस्तेज दिसली, तर आधी मेण न लावता नुसतं पॉलिशर फिरवून पाहा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच चमक परत येते. नवं मेण लागलंच तर दारापाशी आणि चालण्याच्या पट्ट्यात. कपाटाखालचं मेण झिजलेलं नसतं.