फोर्क बदलायचाय? आधी जुना उघडा

(दगडांच्या पट्ट्यातून उतरणारी सायकल. पुढचं चाक जवळून, मंद गतीत.)

गती कमी केलीय म्हणून हे डोळ्यांना दिसतंय. चाक पहिल्या दगडावर आदळलं, फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग, दबला. तो पुरता वर यायच्या आत दुसरा दगड आला. तिसऱ्याला तो आणखी खाली आणि चौथ्याला त्याहून खाली. 200 मिलिमीटर दबू शकणाऱ्या फोर्कमधले निम्मेसुद्धा आता वापरायला शिल्लक नाहीत. रायडरच्या हातांना एवढंच कळतं की पुढची बाजू कडक झाली. मग तो थांबतो, फोर्क मऊ व्हावा म्हणून हवा कमी करतो आणि तो आणखीच खोल जाऊन बसतो.

इथं दोष फोर्कचा नाही. रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग, फार मंद ठेवलाय. फोर्कच्या पायाशी असलेला लाल नॉब दोन क्लिक उघडायचा, बस्स.

नवा फोर्क घ्यायचा विचार बहुतेक वेळा अशाच उतारावर डोक्यात येतो. म्हणून आधी जुना टेबलावर घेऊ.

(टेबल वरून. जुना फोर्क, खाली ट्रे.)

एअर फोर्क, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा, असेल तर आधी सगळी हवा सोडायची. हे विसरून चालत नाही. मग दोन्ही पायांखालचे बोल्ट तीन-चार आटे सैल करायचे, पूर्ण काढायचे नाहीत. त्यावर मऊ हातोडीनं हलके ठोके दिले की आतला दांडा सुटतो. आता बोल्ट काढून लोअर लेग, म्हणजे खालच्या बाहेरच्या नळ्या, सरळ खाली ओढायचे.

ट्रेमध्ये काय पडतंय ते बघा. तेल मिलिलिटरमध्ये मोजण्याइतकंच असतं, पण ते स्वच्छ असायला हवं. इथं आलंय ते काळं, आणि एका पायातून जवळजवळ काहीच नाही. डॅम्परच्या, म्हणजे तेलानं फोर्कची हालचाल आवरणाऱ्या भागाच्या, पायातून भरलं होतं त्यापेक्षा जास्त तेल निघालं, तर डॅम्परचं सील गळतंय असं समजायचं. वायपर सील, म्हणजे धूळ अडवणारा रबरी ओठ, आणि त्याखालची ही फोमची रिंग. ती तेलात भिजलेली हवी, ही मात्र कोरडी ठणठणीत आहे. अशा रिंगवर नळी घासत चालते, आणि बारीक खडीवर फोर्क दबतच नाही.

आता स्टँशन, म्हणजे लोअर लेगमध्ये सरकणारी वरची गुळगुळीत नळी. कापडानं पुसून नखाची कड वरून खाली फिरवायची. नख अडकलं नाही तर तो नुसता डाग. अडकलं आणि ती जागा सीलच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असली, तर ती चीर दर फेरीला सील कापत राहणार.

फोर्क बनवणारी रॉकशॉक्स कंपनी लोअर लेगची सर्व्हिस दर 50 तासांनी करायला सांगते. दुसरी कंपनी फॉक्स पूर्ण सर्व्हिससाठी 125 तास किंवा वर्ष, यातलं जे आधी येईल ते धरते. हे तास चालवण्याचे, कॅलेंडरचे नाहीत. फोमच्या रिंगा तेलात भिजवायच्या, वायपरच्या ओठाला ग्रीसचा पातळ थर द्यायचा, दोन्ही पायांत उत्पादकाच्या तक्त्यातल्या मापाप्रमाणे नवं तेल घालायचं आणि पायांच्या बोल्टचे क्रश वॉशर नवे बसवायचे. दोन्ही पायांतलं माप बऱ्याचदा वेगळं असतं, म्हणून तक्ता समोर हवा. एवढं झालं की तोच उतार पुन्हा उतरा. मग नव्याचं बघू.

बदलायची वेळ आलीय हे बुशिंग, म्हणजे स्टँशन जिच्यातून सरकते ती लोअर लेगमधली कडी, सांगतं. पुढचा ब्रेक दाबून धरा, सायकल मागेपुढे हलवा, बोट वायपर सील आणि स्टँशनच्या सांध्यावर ठेवा. तिथं खट जाणवलं तर बुशिंग झिजलंय. खट वर हेडसेटपाशी, म्हणजे हँडलखालच्या बेअरिंगपाशी, जाणवलं तर फोर्कला बोल नको, हेडसेट घट्ट करा. कोटिंग उडालेलं स्टँशन, न मिळणारे डॅम्परचे भाग किंवा फ्रेमशी न जुळणारं चाक, ही बाकीची खरी कारणं.

(जुनं छायाचित्र, मग आजचा फोर्क त्याच चौकटीत.)

1990 मध्ये अमेरिकेतल्या दुरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. त्यातली डाउनहिल, म्हणजे उताराची शर्यत, ग्रेग हर्बोल्डनं जिंकली, ती रॉकशॉक्सच्या फोर्कवर. त्याचा ट्रॅव्हल, म्हणजे दबण्याचं अंतर, जेमतेम 50 मिलिमीटर होता. आज डाउनहिलचा फोर्क 200 मिलिमीटरचा असतो, दोन क्राउनचा, म्हणजे नळ्यांना वर धरणारे दोन आडवे तुकडे असलेला. स्टँशनची जाडीही वाढत गेली: रॉकशॉक्सच्या बॉक्सरची 32 वरून 35 आणि आता 38 मिलिमीटर, फॉक्सची 40, आणि तिचं नावही तेच.

जाहिरातीत हाच आकडा मोठा छापतात. जाड नळीचा फोर्क दिशा नीट धरतो, हे खरं. पण वजनानं हलक्या रायडरच्या मनगटांना त्याचा ताठपणा त्रासही देतो. दोन फोर्कांत फक्त जाडीचा फरक असेल, तर आम्ही त्यापायी पैसे घालणार नाही.

(व्हर्निअर कॅलिपर, फ्रेमच्या पुढच्या नळीजवळ, म्हणजे हेड ट्यूबजवळ.)

पहिलं माप फ्रेमचं. कागदपत्रांत दोन गोष्टी शोधा: जास्तीत जास्त किती ट्रॅव्हल चालतो, आणि ड्युअल क्राउनला, म्हणजे दोन क्राउनच्या फोर्कला, परवानगी आहे का. नसेल तर विषय तिथंच संपतो. लांब फोर्कच्या तरफेनं हेड ट्यूबपाशी तडा जाऊ शकतो, आणि वॉरंटीही जाते. अशा फ्रेमसाठी सिंगल क्राउनमध्ये फॉक्स 38 हा 180 पर्यंत आणि रॉकशॉक्स झेब 190 मिलिमीटरपर्यंत मिळतो, अर्थात फ्रेमच्या मर्यादेतच.

दुसरं माप चाकाच्या आसापासून, म्हणजे अ‍ॅक्सलपासून क्राउनपर्यंतचं. ते 20 मिलिमीटरनं वाढलं की हेड अँगल, म्हणजे हेड ट्यूबचा कल, साधारण एक अंशानं झोपतो आणि पेडलही वर उचललं जातं. ड्युअल क्राउनमध्ये नळ्या क्राउनमधून वरखाली सरकवून हे थोडं जुळवता येतं. पण किती खाली जायचं, ते टायर ठरवतो.

(फोर्क पूर्ण दाबलेला. टायर आणि खालच्या क्राउनमधली फट, अगदी जवळून.)

ही फट बघा. हवा पूर्ण सोडलीय, कॉइल असती तर स्प्रिंग काढली असती. फोर्क तळापर्यंत दाबलाय. टायर क्राउनला आणि त्याच्या बोल्टला कुठंही टेकता कामा नये. फट उत्पादकानं सांगितलेल्या मापापेक्षा कमी असेल तर क्राउन वर घ्यायचा. ही तपासणी दर वेळी नवा टायर घातल्यावरही करायची, कारण एकाच मापाचे दोन टायर उंचीला सारखे नसतात.

स्टीअरर ट्यूबकडे, म्हणजे हेड ट्यूबमधून वर जाणाऱ्या फोर्कच्या नळीकडे, लोकांचं लक्षच जात नाही. ड्युअल क्राउन फोर्कची स्टीअरर वरपासून खालपर्यंत 1⅛ इंच, सरळ. फ्रेमची हेड ट्यूब खाली रुंद असेल, तर खालच्या बेअरिंगसाठी आकार कमी करणारी क्राउन रेस लागते. छोटीशी कडी, पण नसली की सगळं काम अडतं.

अ‍ॅक्सल 20 बाय 110 मिलिमीटर. मात्र बूस्ट आणि साधं, दोन्ही याच आकड्यानं ओळखले जातात. रुंदी तीच असली तरी रोटरची, म्हणजे ब्रेकच्या चकतीची, जागा सरकते. जुना हब नव्या बूस्ट फोर्कमध्ये बसतो, आणि रोटर ब्रेकच्या कॅलिपरच्या मधोमध येत नाही. ब्रेकचा माउंटही बघून घ्या: फोर्क 203 चा आणि रोटर 200 चा असेल तर पॅड रोटरच्या कडेबाहेर डोकावतात. ऑफसेट, म्हणजे चाकाचा आस स्टीअररच्या रेषेच्या किती पुढे आहे ते, आणि चाकाचं माप जुळतंय का तेही तपासायचं, 29 इंची चाकाचा फोर्क 27.5 च्या फ्रेमला लावू नका.

(कापलेला फोर्क. आतली स्प्रिंग, शेजारी एअर शाफ्ट.)

स्प्रिंगमध्ये निवड दोनच. कॉइल सुरुवातीपासून सहज दबते, सीलचं घर्षण कमी, दिवसभर उतरलं तरी तिचा स्वभाव बदलत नाही. वजन मात्र जास्त, आणि रायडरच्या वजनाला जुळणारी स्प्रिंगच घ्यावी लागते. वजन दोन स्प्रिंगांच्या मधे पडलं तर तडजोड. एअरमध्ये पंपानं वजन जुळतं आणि टोकन, म्हणजे हवेची जागा कमी करणारे तुकडे, घालून शेवटचा भाग कडक करता येतो. खूप हलक्या किंवा खूप वजनदार रायडरसाठी एअरच सोयीचं. बाकीच्यांना, शर्यतीत ग्रॅम मोजायचे नसतील तर, आमचं मत कॉइलला.

खरे पैसे जिथं जायला हवेत तो भाग हा.

(डॅम्पर उघडा. पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, एकावर एक.)

तेल या पत्र्यांना वाकवून पलीकडे जातं. पत्रे किती आणि किती जाड, त्यावर फोर्क दगडाला काय उत्तर देईल ते ठरतं. लो-स्पीड आणि हाय-स्पीड हे शब्द सायकलच्या वेगाबद्दल नाहीत, आतल्या दांड्याच्या वेगाबद्दल आहेत. ब्रेक लावताना पुढची बाजू बुडते किंवा बर्ममध्ये, म्हणजे बांध घातलेल्या वळणात, फोर्क दबतो, ते लो-स्पीड. संथ जाताना चौकोनी दगड लागला तरी ते हाय-स्पीड.

एकाच नावाचे, एकाच रंगाचे फोर्क दोन-तीन पातळ्यांत विकले जातात. बाहेरून सारखेच, आत डॅम्पर वेगळा. स्वस्तातल्यात एक नॉब कॉम्प्रेशनचा, म्हणजे दबण्याच्या वेगाचा, आणि एक रिबाउंडचा. वरच्यात दोन्हीचे लो आणि हाय वेगवेगळे. चांगल्या फ्रेमवर जुना पण धड फोर्क असेल, तर नुसता डॅम्पर कार्ट्रिज बदलून मोठा फरक पडतो. तो तुमच्या फोर्कच्या पिढीला बसतो का, हे पार्ट नंबरवरून तपासा. नुसतं नाव बघून मागवलेलं कार्ट्रिज हमखास परत जातं.

(बसवणी. टॉर्क पाना.)

क्रम महत्त्वाचा. आधी खालचा क्राउन आकड्याप्रमाणे आवळायचा. मग वरचा क्राउन बसवायचा, पण त्याचे नळ्यांवरचे बोल्ट सैल ठेवून. टॉप कॅपनं हेडसेटचा खेळ काढायचा, स्टीअररचा बोल्ट आवळायचा आणि शेवटी वरचे बोल्ट. वरचे आधी आवळले तर टॉप कॅप कितीही पिळा, हेडसेट सैलच राहतो. आकडा क्राउनवर छापलेला असतो. अंदाजानं जास्त आवळलेल्या क्राउनमध्ये नळी आवळली जाते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, रबरी बंपर फ्रेमला टेकले पाहिजेत, ब्रेकची नळी मधे चेंगरता कामा नये.

हवा भरताना मधेच थांबून फोर्क दहा वेळा सावकाश दाबा. हवा निगेटिव्ह चेंबरमध्ये, म्हणजे उलट बाजूच्या कप्प्यात, जाते आणि पंपावरचा आकडा उतरतो, मग पुन्हा भरायची. पंप काढताना येणारा फुस्स आवाज पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो, फोर्कमधल्या नव्हे.

सॅग, म्हणजे रायडरच्या नुसत्या वजनानं फोर्क दबतो ते अंतर, हेल्मेट, पॅड, पाण्यासकट, पेडलवर उभं राहून मोजायचा. 200 मध्ये 30 ते 50 मिलिमीटर. सॅग बरोबर असूनही फोर्क वारंवार तळाला लागत असेल तर एक टोकन वाढवा. मोठ्या ड्रॉपवरसुद्धा ट्रॅव्हल उरत असेल तर एक काढा. क्लिक नॉब पूर्ण बंद करून तिथून मोजायचे, आणि एका उताराला एकच नॉब हलवायचा.

सुरुवातीच्या दोन-तीन उतारांनंतर क्राउनचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासा. लोअर लेगमागे हवा सोडायची बटणं असतील तर सायकल उभी असताना ती दाबून आत कोंडलेली हवा सोडा. आणि फोर्कसोबतच वायपर सील, फोम रिंग, क्रश वॉशरचा एक संच मागवून ठेवा, पहिल्या 50 तासांनंतर तो लागणारच आहे.