शिट्टी नसलेला कोच

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण शाळा-कॉलेजांत खेळ शिकवता, म्हणून मुद्दाम जॉन गलार्डी यांच्याविषयी बोलायचं ठरवलं. अमेरिकन फुटबॉल, म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडू काखेत धरून समोरच्याला भिडायचं, तो खेळ. त्यात कॉलेजच्या पातळीवर सर्वांत जास्त सामने जिंकलेला कोच हाच. ४८९ विजय, १३८ पराभव, ११ बरोबरी. आणि हे कुठल्या बड्या विद्यापीठात नाही बरं का. ६४ हंगामांपैकी ६० मिनेसोटातल्या सेंट जॉन्समध्ये गेले. बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती मठाच्या आवारातलं छोटं कॉलेज, आणि ते ज्या गटात खेळतं त्यात खेळतोस म्हणून शिष्यवृत्ती देण्याची सोयच नाही.

सुरुवात मात्र शाळेतच झाली. कोलोरॅडोतलं ट्रिनिडाड हे कोळशाच्या खाणींचं गाव. १९४३ साली महायुद्ध चालू होतं. शाळेच्या कोचला सैन्यात बोलावणं आलं आणि सोळा वर्षांचा जॉन स्वतः खेळता खेळता संघ सांभाळू लागला. पहिल्यांदा त्यानं काय केलं असेल? पोरांना पाणी पिऊ दिलं! आधीच्या कोचच्या राज्यात सरावात पाण्याला बंदी होती. तहानेनं जीव कासावीस झालेला मुलगाच कोच झाला होता, त्याला हे कुणी शिकवावं लागलं नाही. ‘घामात पाणी पिऊ नको’ हे मीही लहानपणी मैदानावर ऐकलंय. दुपारच्या उन्हात घसा कोरडा ठणठणीत, जीभ टाळूला चिकटलेली, आणि नळ वीस पावलांवर. तुम्हीही ऐकलं असेल.

माझ्या मते या माणसाची पुढची सगळी कारकीर्द त्या घोटभर पाण्यातून निघाली. मोंटॅनातल्या कॅरोल कॉलेजात चार हंगाम काढून १९५३ मध्ये तो सेंट जॉन्सला आला आणि एकेक प्रथा मोडीत काढत गेला. सराव दीड तासाच्या आत. शिट्टी नाही. धडकेच्या सरावासाठी ढकलायच्या जड लोखंडी गाड्या नाहीत. संघात यायचंय त्या कुणालाही काढून टाकायचं नाही. आणि सर्वांत धाडसाचं म्हणजे सरावात टॅकल नाही, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडायचं नाही. कबड्डीच्या सरावात पकडच करायची नाही म्हटलं तर आपण काय म्हणू? पण तो बघायचा पायांकडे आणि डोळ्यांकडे: चेंडू कुठे जाणार हे पोराला कळलं का, तो वेळेवर तिथे पोचला का. पोचल्यावर पाडायचं कसं, हे त्याला येतच असतं. शनिवारी सामन्याला संघ ताजातवाना उतरायचा, सरावात कुणी जायबंदी झालेला नसायचा. आयव्ही लीगच्या, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या नामांकित, कॉलेजांनी हंगामातल्या सरावातून टॅकल काढलं ते २०१६ साली, मेंदूच्या दुखापतींची चर्चा पेटल्यावर. हा गृहस्थ कितीतरी आधीपासून तेच करत होता.

चार राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळाली: १९६३, १९६५, १९७६ आणि २००३. शेवटचं तर विलक्षण. समोर माउंट युनियन, ओळीनं ५५ सामने जिंकून आलेला संघ. सेंट जॉन्सनं २४-६ असं हरवलं. जॉन तेव्हा ७७ वर्षांचा होता. त्याच हंगामात त्यानं एडी रॉबिन्सन या दुसऱ्या कॉलेज-कोचचा ४०८ विजयांचा विक्रम मागे टाकला होता.

एक गोष्ट मला बरेच दिवस पचली नव्हती. खेळाडू त्याला ‘कोच’ म्हणत नसत, नुसतं ‘जॉन’. तशी ताकीदच होती. आपल्याकडे सरांना नावानं हाक मारायची कल्पनाही सहन होत नाही, आणि मला ती आजही जमणार नाही. पण विचार करा, २०१२ च्या शेवटच्या हंगामात तो ८६ वर्षांचा होता. अठरा वर्षांचं पोर त्याच्याशी ‘जॉन’ म्हणून बोलत होतं, आणि तो वळून, थांबून ऐकत होता.

त्यांच्या व्यायामात एक प्रकार असायचा. सगळ्यांनी गवतावर उताणं पडायचं, वर आभाळाकडे बघायचं आणि शेजाऱ्याला सांगायचं, ‘काय छान दिवस आहे रे!’ मग उठून सरावाला लागायचं.